पुढचा-मागचा मेळ

आमच्या प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या बाईंना सगळे ‘एकमार्गी’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. आमच्याकडे एकापुढे एक अशा तीन खोल्या आहेत. पहिलीत आलेलं रक्त उघडायचं, दुसरीत त्यातल्या विषाणूच्या जनुकीय मजकुराच्या लाखो नकला करायच्या आणि तिसरीत त्या नकला यंत्रावर वाचायच्या. नकलांचा एखादा कण जरी उलटा पहिल्या खोलीत आला, तरी तो भलत्याच कुणाच्या रक्तात जाऊन बसतो. म्हणून सकाळी तिसऱ्या खोलीत पाऊल टाकलेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्या खोलीचं दार उघडायचं नाही. बाकीचे हा नियम पाळायचे, बाईंच्या तो अंगातच भिनला होता. एकदा त्यांचा चष्मा आदल्या दिवशी तिसऱ्या खोलीत राहिला. आणायला गेलं की पहिल्या खोलीत परत येता येणार नाही, म्हणून दुपारपर्यंत बाईंनी डोळे बारीक करून काम केलं.

घरीही तेच. त्यांची मुलगी सांगायची, “काका, आमच्याकडे भांडीसुद्धा रांगेने जातात. घासलेला चमचा चुकून घासायच्या ढिगाजवळ ठेवला, तर तो परत घासावा लागतो.” बाईंचा नवरा प्लंबर. दिवसभर लोकांच्या मोऱ्या आणि नळ दुरुस्त करून तो घरी आला, की बाई त्याला दारातूनच सरळ न्हाणीघरात पाठवायच्या. तो बिचारा गमतीत म्हणायचा, “माझं लग्न झालंय की मी नमुना म्हणून आलोय?”

मी तिथला रजिस्टरवाला. नमुना आला की त्याचा आकडा, तारीख, दवाखाना, तपासणीचं कारण, सगळं माझ्या हातून लिहिलं जातं. आता कॉम्प्युटर आहेत, पण मी रजिस्टर सोडलेलं नाही, कारण कॉम्प्युटरात कोण काय बदलून गेलं ते कळत नाही. माझ्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. मोठ्या मॅडमनाही मी ती करू दिलेली नाही, आणि मॅडम म्हणजे साऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

आमचं काम एवढंच, की एचआयव्हीची औषधं एखाद्याला लागू पडेनाशी झाली, की त्याच्या रक्तातल्या विषाणूचा मजकूर वाचायचा आणि हा विषाणू कुठल्या औषधांना दाद देत नाही ते डॉक्टरांना कळवायचं. मजकूर लांब, म्हणून तो दोन तुकड्यांत वाचला जातो. पुढच्या तुकड्यावरून जुन्या औषधांचं कळतं, मागच्यावरून नव्या औषधांचं. दोन तुकडे, दोन वेगळ्या नळ्या.

नऊ वर्षांपूर्वी बाईंच्या हातून दोन नळ्यांची अदलाबदल झाली होती. एका माणसाचा मागचा तुकडा दुसऱ्याच्या नावावर गेला. दोघांनाही चार महिने चुकीचं औषध मिळालं. दोघेही त्यातून निभावले, पण बाईंनी ते मनाला इतकं लावून घेतलं की महिनाभर त्या आमच्यात डबा खायला बसल्या नाहीत. मग त्यांनीच एक नियम काढला. या विषाणूची घराणी असतात, आणि मजकुराच्या धाटणीवरून तो कुठल्या घराण्यातला ते ओळखता येतं. तेव्हा पुढचा तुकडा ज्या घराण्याचा, मागचाही त्याच घराण्याचा निघाला पाहिजे. नाही निघाला, तर नळ्या बदलल्या. नमुना बाद करायचा, नवीन रक्त मागवायचं. या पडताळणीला आम्ही ‘पुढचा-मागचा मेळ’ म्हणायचो. तेव्हापासून आमच्याकडून चुकीचा अहवाल गेला नाही. दुसऱ्या प्रयोगशाळांची माणसं हा नियम शिकायला यायची. आणि बाई तो समजावताना तेवढ्यापुरत्या का होईना, हसायच्या.

तर गोष्ट आहे एका गुरुवारची. शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं रक्त आलं होतं. आमच्याकडे नाव येत नाही, आकडा येतो, पण सोबतच्या कागदावर थोडंफार असतं. ‘स्त्री, शिवणकाम, पाचवा महिना.’ आणि तपासणीच्या कारणापुढे डॉक्टरांच्या अक्षरात ‘औषध लागू पडत नाही. गोळ्या चुकवत असावी.’ हे शेवटचं वाक्य निम्म्या कागदांवर असतं. औषध हरलं की आधी माणसावरच संशय घेतात.

बाईंनी तुकडे वाचले. पुढचा एका घराण्याचा निघाला, मागचा दुसऱ्याच. मेळ नाही. बाईंचा चेहरा पडला. नऊ वर्षं डोळ्यात तेल घालून काम केलेल्या माणसाला आपल्या हातून नळी बदलली असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. त्यांनी ‘बाद’चा कागद भरला आणि उरलेलं रक्त शुक्रवारी नष्ट करायच्या ट्रेमध्ये ठेवलं.

मी नियमाप्रमाणे दवाखान्यात फोन केला. तिथला डॉक्टर वैतागला. “परत रक्त मागवून तुमचा अहवाल यायला महिना जाईल. मला वाट बघता येणार नाही. तिच्या रक्तात विषाणू भरमसाट आहे, बाळंतपणात बाळाला लागण होईल. मी सोमवारपासून नेहमीचं नवं औषध सुरू करतो.”

फोन ठेवला आणि रजिस्टरात ‘बाद’ लिहायला पान उघडलं. लिहिता लिहिता थांबलो. तो नमुना आला त्या दिवशी यंत्राची देखभाल होती, म्हणून दवाखान्यांना नमुने पाठवू नका असं कळवलेलं. हा एकच चुकून आलेला. पुढच्या दिवशीही बाईंनी फक्त त्याचंच काम केलेलं. मी उठून तिसऱ्या खोलीच्या काचेवर टकटक केली.

“बाई, अदलाबदल व्हायला दुसरा कुणीतरी लागतो ना?”

“म्हणजे?”

“त्या दिवशी स्टँडवर एकाच माणसाच्या नळ्या होत्या. बदलली कुणाशी?”

बाईंनी काहीतरी आठवून डोकं हलवलं आणि तडक बाहेर आल्या. ट्रेमधली ती नळी त्यांनी पुन्हा उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवली. आत जेमतेम अर्धी नळी उरली होती. वाया गेली तर संपलं.

“मागचा तुकडा,” त्या म्हणाल्या, “नव्या औषधाला दाद देत नाही, दादा. अन् डॉक्टर तेच द्यायला निघालेत.”

“पण तो तुकडा तिचा आहे की नाही हेच तर माहीत नाही.”

“तेच तर.”

त्यांनी स्वतः डॉक्टरला फोन लावला आणि एक आठवडा मागून घेतला. डॉक्टर कुरकुरला, पण पुढच्या सोमवारपर्यंत थांबायला तयार झाला. एक दिवसही वर नाही, असं त्याने दोनदा बजावलं.

रविवारचं मला बाईंनी नंतर सांगितलं. सकाळी नवरा स्वयंपाकघरात ओट्याखाली शिरून गळका नळ बघत होता आणि बाई शेजारी स्टुलावर बसून हातातल्या दोन कागदांकडे बघत होत्या. त्याने विचारलं, “काय अडलंय?” बाईंनी त्याला सांगायचं म्हणून सांगितलं. पुढचा भाग एका जातीचा, मागचा दुसऱ्या, आणि हे कसं ते कळत नाही.

“अगं, दोन वेगळे पाईप शेजारी पडलेत, की एकच पाईप आहे आणि मध्ये जोड दिलाय?”

“ते कसं कळणार? मी पुढचं वेगळं वाचते, मागचं वेगळं वाचते.”

“मग जोडावरून हात कधी फिरवलाच नाहीस?”

बाईंनी हातातले कागद खाली ठेवले.

“भिंतीच्या या बाजूला लोखंडी पाईप, त्या बाजूला प्लास्टिकचा. मी काय म्हणेन? दोन घरांचे नळ आहेत? नाही. भिंत फोडून मध्ये बघेन.” तो ओट्याखालून बाहेर आला, हात पुसले. “अन् एक सांगतो. हाताळताना पाईप फुटला, तर दर वेळी वेगळ्या ठिकाणी फुटतो. दर वेळी एकाच जागी फरक दिसला, तर तो कुणीतरी बसवलेला जोड असतो.”

बाई म्हणाल्या, “दादा, बावीस वर्षं संसार केला, पण हा माणूस हुशार आहे हे मला त्या ओट्यापाशी कळलं.” त्यांनी त्या दिवशी त्याला न्हाणीघरात पाठवलं नाही म्हणे. यावर माझा विश्वास नाही.

आता मला जेवढं समजलं तेवढं सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. हा विषाणू स्वतःचा मजकूर अंगावर दोन प्रतींत बाळगतो. एकाच पेशीत दोन वेगळ्या घराण्यांचे विषाणू शिरले, की तिथून बाहेर पडणाऱ्या एखाद्याकडे एक प्रत याची आणि एक त्याची, असं होऊ शकतं. तो पुढच्या पेशीत गेला की दोन्ही प्रती समोर ठेवून नवी नक्कल उतरवतो. मी कारकून आहे, मला हे लगेच पटलं. दोन रजिस्टरं शेजारी उघडी ठेवून नक्कल करताना मध्येच नजर सरकली, की पुढच्या ओळी दुसऱ्याच रजिस्टरातून उतरतात. माझ्या हातून झालं तर मी पान फाडतो. विषाणूला मात्र कधी कधी त्यात फायदाच होतो. एकाने जुन्या औषधांना तोंड द्यायची युक्ती मिळवलेली, दुसऱ्याने नव्या औषधांना. एकट्याला दोन्ही जमवायला कितीतरी काळ लागला असता. इथे नजर एकदा सरकली आणि दोघांची कमाई एका घरात आली.

सोमवारी बाई मोठ्या मॅडमकडे गेल्या. मीही रजिस्टर घेऊन मागे उभा राहिलो.

“मेळ नाही म्हणजे बाद,” मॅडम म्हणाल्या. “नियम तुमचाच आहे, बाई.”

“म्हणून तर मी आले. तो नियम पुढचं अन् मागचं एकाच घराण्याचं असणार हे धरून चालतो. विषाणूनेच दोन घराणी जोडली असतील, तर आपण खऱ्या माणसाचं खरं रक्त फेकून देतोय.”

“आणि दुसऱ्या खोलीत नकला करतानाच असा जोड तयार झाला असेल तर? आपल्या नळीतही नजर सरकते. मिसळलेल्या रक्तातून आपणच असा विषाणू बनवायचा आणि डॉक्टरला पाठवायचा?”

प्रश्न बरोबर होता. मॅडम उगाच प्रमुख झालेल्या नाहीत. बाईंनी सांगितलं, की नमुना इतका पातळ करायचा, इतका पातळ, की शहाण्णव खड्ड्यांच्या ताटलीत बहुतेक खड्डे रिकामेच राहतील. ज्यात काही असेल त्यात एकाच विषाणूची एकच प्रत. एकटी प्रत असली की नजर सरकायला दुसरी नाहीच. मग पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीपासून मागच्याच्या शेवटापर्यंत सलग वाचायचं, जोडावरून. नळ्या किंवा रक्त मिसळलं असेल, तर काही खड्ड्यांत निखळ पहिलं घराणं सापडेल, काहींत निखळ दुसरं.

“आणि जोड खरा असेल तर?”

“तर प्रत्येकात जोड सापडेल. एकाच जागी.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “उरलेलं रक्त एकदाच पुरेल.”

“हो.”

“करा.”

मंगळवारी बाई पहिल्या खोलीत, बुधवारी दुसऱ्या. पातळ करायचं काम त्यांनी इतकं सावकाश केलं की मी काचेतून बघताना श्वास रोखून धरला होता आणि नंतर मला ठसका लागला. गुरुवारी शहाण्णव खड्ड्यांपैकी तेवीस भरलेले निघाले. बाकी रिकामे, हवे होते तसे. शुक्रवारी ते तेवीस यंत्रावर चढले. शनिवारी सकाळी बाई तिसऱ्या खोलीत गेल्या. मी काही काम नसताना आलो होतो.

अकराच्या सुमारास त्यांनी मला आत बोलावलं. मी रजिस्टरवाला, मला तिसऱ्या खोलीत जायला बंदी नाही, कारण मला पहिल्या खोलीत कुणी घेतच नाही. पडद्यावर तेवीस ओळी एकाखाली एक. डावीकडे निळ्या, उजवीकडे केशरी. निळा संपून केशरी सुरू होतो ती जागा तेवीसच्या तेवीस ओळींत एकच. वरपासून खालपर्यंत पट्टी धरून आखल्यासारखी.

“जोड आहे,” बाई म्हणाल्या. मला आनंद झाला आणि तो मी बोलूनही दाखवला, जे मी सहसा करत नाही.

सोमवारी सकाळी अहवाल गेला. हा विषाणू जुन्या औषधांना दाद देत नाही, आणि नेहमीच्या नव्यालाही नाही. तिसऱ्या प्रकारचं औषध द्यावं. मॅडमनी शेरा जोडला होता, ‘दोन वेगळ्या वेळी लागण झाली असण्याची शक्यता.’ बाईंनी ती ओळ काढायला लावली. “जोडलेला विषाणू एकाच माणसाकडून आयताही आलेला असू शकतो. हे आपलं यंत्र सांगत नाही. मग ते आपण कशाला सांगायचं? अशा एका ओळीने तिचं घर मोडेल.” मॅडमनी ओळ काढली.

डॉक्टरने औषध बदललं. इथे मी सुटकेचा निःश्वास टाकून रजिस्टर मिटायला हवं होतं. पण बाई दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“दादा, नऊ वर्षांत मेळ नाही म्हणून किती बाद केले?”

मला वाटलंच होतं त्या विचारतील. मी आधीच काढून ठेवलं होतं. चौदा. खुर्ची ओढून त्या शेजारी बसल्या आणि मी एकेक आकडा वाचू लागलो. नवव्या आकड्याला मी अडखळलो. दवाखाना तोच, रुग्णाचा आकडा तोच. दोन वर्षांपूर्वीची तारीख. ‘स्त्री, शिवणकाम. औषध लागू पडत नाही. गोळ्या चुकवत असावी.’ शेवटच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘मेळ नाही. बाद. नवीन रक्त मागवले.’ आणि नवीन रक्त कधीच आलं नव्हतं.

म्हणजे तोच जोडलेला विषाणू दोन वर्षांपूर्वी बाईंच्या हातात आला होता, आणि बाईंच्याच नियमाने तो बाद झाला होता. दोन वर्षं ती शिवणकामवाली निरुपयोगी गोळ्या गिळत राहिली.

बाई म्हणाल्या, “तिला सांगायला हवं.” मी म्हटलं, “हो.” पण त्या गेल्या नाहीत. आज जाते, उद्या जाते करत सहा महिने काढले. उरलेल्या तेरा जणांसाठी मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यांना पत्रं पाठवली, पुन्हा रक्त पाठवा म्हणून. नियमही बदलला. मेळ नसेल तर बाद नाही, आधी जोड तपासायचा. हे सगळं झटपट केलं. ती एक फेरी तेवढी जमेना. मी एकदा टोमणा मारला, “एकमार्गी बाईंना मागे वळता येत नाही वाटतं.” मग मलाच वाईट वाटलं.

नव्या औषधाने त्या शिवणकामवालीच्या रक्तातला विषाणू दोन महिन्यांत मोजता येणार नाही इतका खाली गेला. बाळंतपण झालं. सहा आठवड्यांनी बाळाचं रक्त आलं. मुलगी. अहवाल मी स्वतः टाइप केला, ‘विषाणू आढळला नाही.’ आणखी दोन वेळा तपासावं लागतं, पण पहिला असा आला की पुढचेही बहुधा तसेच येतात. मी तो कागद पाकिटात न घालता बाईंच्या हातात दिला. “हा पोस्टाने जाणार नाही. तुम्ही न्या. मी येतो बरोबर.”

डॉक्टरने तिला विचारलं, प्रयोगशाळेतल्या बाई भेटायला आल्यात, भेटशील का. ती हो म्हणाली. खोली लहान, एक टेबल, तीन खुर्च्या. ती मांडीवर बाळ घेऊन बसली होती. तिच्या बोटांच्या टोकांना सुया टोचल्याच्या बारीक खुणा दिसत होत्या. तिशीच्या आतबाहेरची, बोलायला मोकळी. बाईंनी आधी बाळाचा अहवाल सांगितला. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि पदराने डोळे पुसले. मला वाटलं, बाई आता एवढ्यावरच उठतील.

बाई उठल्या नाहीत.

“दोन वर्षांपूर्वी तुमचं रक्त आमच्याकडे आलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते आम्ही बाद केलं.”

“हो, सांगितलं होतं इथे. रक्त बाद झालं, परत द्या म्हणून. मी नाही आले परत. म्हटलं, तपासायच्यासुद्धा लायकीचं राहिलं नाही. अन् आले असते तरी तेच म्हणाले असते, गोळ्या नीट घे. सगळे तेच म्हणायचे.”

“तुम्ही चुकवल्या होत्या का गोळ्या?”

“एकही नाही.” तिचा आवाज एकदम खाली गेला. “कुणाला खरं वाटत नव्हतं. आई माझ्याकडे राहायला आली ती त्यासाठीच. रोज सकाळी डबी उघडून गोळ्या मोजायची. अजून मोजते.”

बाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. “तुमचं रक्त चांगलं होतं. गोळ्या तुम्ही घेत होतात. त्या विषाणूवर त्या चालणारच नव्हत्या. हे दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. मी एक नियम केला होता, त्यात तुमचं रक्त बसलं नाही, म्हणून मी ते टाकून दिलं. चूक माझी होती. तुमची काहीच नव्हती.”

ती रागावेल असं मला वाटलं, आणि रागावली असती तर तिचं बरोबरच होतं. बाळाने हालचाल केली तसं तिने ते खांद्यावर घेतलं, उठली आणि दार उघडलं. बाहेर बाकावर एक म्हातारी बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

“आई, आत ये जरा.”

म्हातारी आत आली, गोंधळून उभी राहिली. मुलीने आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः तिच्या मागे उभी राहिली, बाळाच्या पाठीवर हात ठेवून. मग बाईंना म्हणाली, “आता परत सांगा. आत्ता सांगितलंत तसंच.”

बाईंनी सांगितलं. सुरुवातीपासून, एकही शब्द न गाळता.